वराहपालनात खाद्याचा खर्च हाताबाहेर जातोय? या चुका टाळा

वराहपालनात एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. त्यामुळे खर्च वाढला की आपण स्वस्त पोतं शोधायला निघतो आणि तिथेच फसतो. समजा, २४ रुपये किलोचं खाद्य चार किलो घालून वजन एक किलो वाढलं, तर ते ९६ रुपयांना पडलं. ३० रुपयांच्या खाद्याने तीन किलोत तेच काम केलं, तर ९० रुपयांना. हिशोब वाढलेल्या वजनाचा मांडा. काटा नसेल तर टेप चालतो. छातीचा घेर आणि कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९ म्हणजे अंदाजे वजन किलोत.

वजन भरत नाही? सकाळी शेड धुवायच्या आधी गव्हाणीपाशी उकिडवे बसा आणि खाली बघा. लघवीत कालवलेला भरडा दिसला, तर तो डुकराने खाल्लेलाच नाही, पण पैसे तुम्ही मोजलेत. गव्हाण काठोकाठ भरू नका.

मग पाणी बघा. डुकरं पाणी पितात त्या निपलखाली (नळीच्या तोटीखाली) लिटरची बाटली धरा. मिनिटभरात भरली नाही, तर वाढत्या डुकरांना पाणी कमी पडतंय, आणि तहानलेलं जनावर खाद्य सोडतं.

हॉटेलच्या खरकट्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ते फुकट वाटतं, पण त्यात बहुतांश पाणी असतं. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. लोणचं-फरसाणाचं मीठ आणि वर पाण्याची टंचाई असेल, तर विषबाधा होऊन डुकरं दगावतात. टूथपिक, पिशव्या हाताने निवडून काढाव्याच लागतात. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग २०२० मध्ये भारतात आला आणि तो डुकराच्या मांसातूनही पसरतो. डुकराच्या मांसाचे तुकडे असलेलं खरकटं शेडमध्ये आणूच नका. बाकीचं अर्धा तास खळखळून उकळा. एवढं जमत नसेल, तर खरकटं बंद करा.

बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी नको, गाभण माद्यांना तर मुळीच नको. कच्चं सोयाबीन भाजल्याशिवाय घालू नका, त्यातली प्रथिनं पचत नाहीत.

आणि काटकसर पाजणाऱ्या मादीवर करू नका. गाभणपणी दिवसाला दोन-अडीच किलो पुरतं. व्याल्यावर हळूहळू वाढवत स्वतःसाठी दोन किलो आणि दर पिल्लामागे अर्धा किलो धरा. दहा पिल्लं असतील तर सात किलो. तिची हाडं वर आली, तर पिल्लांचं दूध तोडल्यावर ती माजावर यायला उशीर लावते, आणि तोवर रोजचं खाणं चालूच असतं.