जुने दुखणे सोबतीला असताना शस्त्रक्रियेनंतरची वेदना कशी सांभाळावी

ज्याच्या अंगात वर्षानुवर्षे एखादे दुखणे मुक्कामाला आहे, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते तेव्हा रुग्णालयाच्या केस पेपरवर बहुधा नव्या आजाराचीच नोंद असते. जुने दुखणे आणि त्याची औषधे सांगण्याचे काम रुग्णालाच करावे लागते. वेदना 3 महिन्यांहून अधिक टिकली की ती दीर्घकालीन मानली जाते, आणि तेवढ्या काळात मज्जारज्जू व मेंदूतील वेदनेचे मार्ग हळवे झालेले असल्यामुळे तेवढ्याच जखमेची कळ अशा माणसाला अधिक तीव्र आणि अधिक दिवस जाणवू शकते. शिवाय जो ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा मॉर्फिनसारखी अफूवर्गातील औषधे आधीपासून घेतो, त्याचे शरीर त्यांना सरावलेले असते आणि इतरांना पुरणारी मात्रा त्याला कमी पडते. घरातली माणसे याला व्यसन म्हणतात, ते बरोबर नाही.

माझी कंबर 11 वर्षांपासून दुखते. पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेण्यास मी राजापूरहून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला गेलो, तेव्हा माझी रात्रीची प्रीगॅबालिनची, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची, गोळी तेथे कोणी लिहून घेतली नाही आणि मीही सांगितली नाही. दुसऱ्या रात्री झोप उडाली, अंगाला दरदरून घाम सुटला आणि पोटावरच्या टाक्यांपेक्षा कंबरच जास्त ठणकू लागली. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन आणि अफूवर्गातील औषधे एकाएकी बंद करायची नसतात, हे मला त्या रात्री कळले.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरताच भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी आणि सोबत एक लिहिलेला कागद न्यावा. त्यावर प्रत्येक औषधाचे नाव, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ आणि ते किती वर्षांपासून चालू आहे एवढे असावे. काढे, चूर्णे आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्याही त्यात लिहाव्यात. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी यांपैकी कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे त्याच कागदावर भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी अंगावर असेल तर ती दाखवावी आणि आपल्या मनाने काढू नये. नस बधिर करण्याचे इंजेक्शन, जखमेच्या कडेला दिलेली स्थानिक भूल किंवा अल्प मात्रेतील केटामाइन हे भुलीचे औषध यांमुळे अफूवर्गीय औषधांवरचा भार कमी होतो. आपल्या शस्त्रक्रियेत यांपैकी काय शक्य आहे, असे विचारायला संकोच करू नये.

रुग्णालयात दिवसातून अनेकदा प्रश्न येतो, शून्य ते दहामध्ये किती दुखते? जुन्या रुग्णाला या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही, कारण त्याचा शून्य कधीच येत नसतो. माझ्या कंबरेचा आकडा एरवीच्या दिवशी चार असतो. तेव्हा ‘कंबर नेहमीसारखी चार, पोटाची जखम सात, खोकताना नऊ’ असे दोन्ही दुखणी वेगळी करून सांगावे, आणि त्यापुढे कूस बदलता येते का, खोल श्वास घेता येतो का, शौचालयापर्यंत चालता येते का, हे जोडावे. वेदना पूर्ण जावी अशी अपेक्षा न धरता ही तीन कामे जमावीत एवढे उद्दिष्ट ठेवले, तर डॉक्टरांनाही मात्रा ठरवणे सोपे जाते.

दुखणी वेगळी ओळखणे नेहमी सोपे नसते. शस्त्रक्रियेनंतर माझा उजवा खांदा असा धरला की मानेचेही जुने दुखणे उफाळले, असे मला वाटले. प्रत्यक्षात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेला वायू थोडा मागे राहतो, त्यामुळे छाती आणि पोट यांमधले श्वासपटल चुरचुरते, आणि श्वासपटलाची नस मानेतून येत असल्यामुळे कळ खांद्यात जाणवते. वऱ्हांड्यात थोडे थोडे चालल्यावर दोनतीन दिवसांत ती गेली. मी मात्र परिचारिकेला विचारण्यापूर्वी अर्धी रात्र मलम चोळण्यात घालवली होती.

घरी परतण्याचा प्रवास हा कोकणातल्या रुग्णासाठी उपचाराचाच भाग समजावा. पोटात घ्यायच्या गोळीला अंमल चढायला अर्धा ते एक तास लागतो, त्यामुळे तिची ठरलेली वेळ घाट सुरू होण्याच्या तासभर आधी येईल असे निघणे जुळवावे; ठरल्यापेक्षा जास्त गोळी घेऊ नये. पोटावर टाके असतील तर गाडीच्या सीटबेल्टखाली छोटी उशी धरावी आणि खोकला आला की ती दोन्ही हातांनी दाबावी. औषधे शहरातूनच पुरेशी घेऊन यावीत. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आल्यामुळे गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असे नाही, आणि पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की दुसऱ्या दिवशी माणूस पाठवू, हा भरवसा उरत नाही.

घरी सर्वांत जास्त चुका पॅरासिटामॉलच्या हिशेबात होतात. प्रौढ माणसासाठी दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा मद्याची सवय असेल तर ती आणखी खाली येते. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या जोडगोळीत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अशा दोन दोन गोळ्या तीन वेळा घेतल्या की 1,950 मिलिग्रॅम होतात, आणि तापासाठी म्हणून 650 ची वेगळी गोळी चार वेळा घेतली की आणखी 2,600, म्हणजे एकूण 4,550. नावे वेगळी असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मी शाळेची एक रेघी वही घेऊन वेळ, गोळी, तिच्यातील पॅरासिटामॉल आणि दोन्ही दुखण्यांचे आकडे असे रकाने आखले होते, आणि प्रत्येक गोळीनंतर गोळ्यांच्या पाकिटातला रिकामा कप्पा पाहून सौभाग्यवती नोंद करीत असे.

सुरुवातीच्या दिवसांत गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. कळ शिगेला पोचल्यावर ती उतरवायला जास्त औषध लागते. डायक्लोफेनॅकच्या वर्गातील, म्हणजे सूज आणि वेदना उतरवणारी, गोळी रिकाम्या पोटी नको. उकड्या तांदळाची पेज त्या वेळी सर्वांत सोयीची पडते, कारण घशाखाली उतरते आणि पाणीही पोटात जाते. अफूवर्गीय औषधांनी बद्धकोष्ठ हमखास होते आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो, म्हणून शौच साफ होण्याचे औषध पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. शेकण्याची पिशवी जखमेवर ठेवू नये आणि औषधी पट्टीवर तर मुळीच नाही; उष्णतेने पट्टीतील औषध शरीरात भराभर उतरते. आमच्याकडच्या दमट हवेत घामाने पट्टीची कड सुटते, ती रोज पाहावी.

खाट माजघरात आणावी, कारण चिऱ्याच्या पायऱ्या आणि परसातले न्हाणीघर या दोन्ही गोष्टी जुन्या कंबरेला नव्या जखमेइतक्याच महाग पडतात. दिवसभर पडून राहिल्यानेही जुने दुखणे वाढते; दर दोन तासांनी ओटीपर्यंत जाऊन यावे. विचारपूस करायला येणाऱ्यांना घरच्यांनी बाहेरच चहा द्यावा.

प्रीगॅबालिन आणि ट्रामाडॉल एकत्र चालू असताना माणूस अतिशय गुंगीत राहिला, हाक मारल्यावर नीट जागा होत नसेल किंवा श्वास मंद झाला असेल, तर पुढची गोळी न देता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ट्रामाडॉलबरोबर ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन चालू असेल आणि थरथर, तगमग, ताप दिसू लागला तरीही तसेच करावे. छातीत कळ, धाप किंवा एकाच पोटरीला सूज ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. पावसाळ्यातील ताप जखमेचा समजून अंगावर काढू नये. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूमध्ये डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घातक ठरू शकतात.

जखम भरत आली की वाढवलेली औषधे उतरवायची, तीही डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमाने: सामान्यतः ज्यादा दिलेले अफूवर्गीय औषध आधी कमी होते, पॅरासिटामॉल शेवटी. जुनी औषधे मात्र पूर्वीच्याच मात्रेवर राहतात. टाके काढायला जाताना वही सोबत न्यावी. जखम वरून भरूनही 3 महिन्यांनंतर तेथे जळजळ, मुंग्या किंवा कपडा लागला तरी कळ असे होत असेल, तर ते नसेचे दुखणे असू शकते. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या वाढवत न बसता पेन क्लिनिकची चिठ्ठी मागावी, कारण त्याची औषधे वेगळी असतात.