वाइन द्राक्षं तोडण्याआधी शंभर मण्यांचा नमुना : माघ-फाल्गुनचा सल्ला

माघ सरत आलाय. पहाटे अजून शेकोटी लागते, पण दुपारी दोनला बागेत उभं राहून बघा, पाठ भाजते. दादर (रब्बी ज्वारी) कापणीला आली की आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री-पिंपळनेर भागात खरा उन्हाळा आठ-दहा दिवसांवर आलेला असतो, हा माझा दरवर्षीचा ठोकताळा. ज्यांनी वाइनची द्राक्षं लावलीत त्यांचं वर्ष या पंधरवड्यात ठरतं. म्हणून खत, फवारणी, मजूर हे सगळं नंतर. आधी एकच काम: शंभर मण्यांचा नमुना घ्या, आणि आजपासून दर तिसऱ्या दिवशी घ्या.

नमुना न घेतल्यामुळे बुडालेले दोन माल मी डोळ्यांनी पाहिलेत. पहिला शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या जातीचा. बागवाल्यानं बांधाजवळच्या वेलीचा, उन्हाकडचा, सगळ्यात काळा दिसणारा मणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, पिळला. २४ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २४ टक्के साखर, दिसली. "भाऊ, साखर चोईस व्हई गयी, आते काय देखानं शे?" असं म्हणत त्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी भरली. वाइनरीच्या प्रयोगशाळेत अख्ख्या मालाची सरासरी साडेवीस निघाली आणि गाडी परत आली. वाइनचं द्राक्ष बारीक मण्याचं, बियांचं, जाड सालीचं. ते खायला कोण घेतो? दुसरा गडी उलट्या टोकाचा. साखर अजून वाढू दे, दर चांगला मिळेल म्हणून थांबला. तीन दिवस गरम वारा सुटला. साखर भरपूर झाली, पण सामू (पीएच; तो चढला की आंबटपणा कमी झाला समजा) ४ ला टेकला आणि दर निम्म्यावर आला. पहिला घाईनं गेला, दुसरा उशिरानं, आणि दोघांच्याही घरात रिफ्रॅक्टोमीटर होता.

खाण्याच्या द्राक्षाला गोडी बघितली की पुरतं. वाइनला साखर आणि आंबटपणा या दोन्हींची जोडी लागते. साखरेची दारू होते: २४ ब्रिक्सच्या रसातून साधारण १३ टक्के अल्कोहोल निघतं. आंबटपणामुळे वाइनला चव राहते आणि ती टिकते. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नाही. मॅलिक मात्र गरमीत मणी स्वतःच जाळून टाकतो, आणि रात्र गरम राहिली तर रात्रीही जाळतो.

आपल्या आणि नाशिकच्या बागेत फरक पडतो तो इथेच. दिंडोरी-निफाडचा पट्टा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. बंगळूरजवळची नंदी टेकड्यांची बाजू त्याहून उंच. दिवसा ऊन, रात्री गारवा, त्यामुळे आम्ल टिकतं. धुळं अडीचशे मीटरच्या आसपास, जळगाव त्याहून खाली. पश्चिमेला साक्रीकडे चढ लागतो म्हणून तिथे निदान विचार तरी करता येतो. जळगावकडच्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वाइनची बाग लावू नका असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. युरोपात द्राक्ष सप्टेंबरात, दिवस थंड होत जाताना पिकतं. आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि दसऱ्याच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी करून ते जानेवारी ते मार्चमध्ये पिकवतो, म्हणजे दिवस तापत जाताना. नाशिकच्या सल्ल्यात "आठ दिवस थांबा" लिहिलेलं असलं तर आपण ते तीन दिवस धरावेत.

आता नमुना कसा घ्यायचा ते. कडेच्या दोन ओळी आणि प्रत्येक ओळीतल्या टोकाच्या वेली सोडा, त्या नेहमी खोटं बोलतात. बाकी बागेत तिरकं चालत जा. एका वेलीवरून एकच मणी घ्या: एकदा घडाच्या खांद्यावरचा, एकदा मधला, एकदा टोकाचा, एकदा पूर्वेचा, एकदा पश्चिमेचा, आणि पानांच्या आत लपलेल्या घडाचाही. हात आपोआप काळ्या मण्याकडे जातो. तिथेच फसगत होते, म्हणून घड न बघता मणी तोडायची सवय लावा. असे शंभर मणी झाले की आधी वजन करा आणि वहीत लिहा. मग प्लास्टिकच्या पिशवीत सगळे एकत्र चुरडा, धोतराच्या कापडातून रस गाळा, दहा मिनिटं निवू द्या आणि मगच ब्रिक्स आणि सामू बघा. रिफ्रॅक्टोमीटर दरवेळी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करून घ्या, बॅटरीत घालतो ते पाणी चालतं. सामूचा पेन ४ आणि ७ च्या द्रावणात तपासून घ्या. वेळ दरवेळी एकच ठेवा, सकाळी आठ म्हणजे आठ.

वजन का लिहायचं? पारा चढला की मणी सुकायला लागतो. त्यातलं पाणी जातं आणि ब्रिक्स वाढलेले दिसतात. शंभर मणी परवा १३० ग्रॅम भरले आणि आज ११५, पण ब्रिक्स दीडने वाढले, तर वेलीनं साखर भरलेली नाही, मणी सुकलाय. अशा वेळी आणखी थांबून वजनही जातं आणि आम्लही. त्या रात्री हलकं पाणी द्या आणि वाइनरीला तोडणीची तारीख मागा.

मी स्वतः धरतो ते आकडे असे. शेनीन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या जातींना २० ते २२ ब्रिक्स आणि सामू ३.१ ते ३.४. शिराझ आणि कॅबर्ने या लाल जातींना २३ ते २४ ब्रिक्स आणि सामू ३.७ च्या आत. ब्रिक्स अर्धा अंश कमी असले तरी सामू हद्दीला टेकला की मी तोडतो. तुमच्या वाइनरीची हद्द वेगळी असेल तर तीच धरा, पण ती करारात लिहून घ्या. कॅबर्ने आपल्याकडे मार्चात सरकते आणि उन्हात सापडते; नव्यानं लावणाऱ्यानं शिराझचा विचार आधी करावा.

यंत्राच्या जोडीला दातही वापरा. मणी तोंडात घाला, बी वेगळी करा आणि चावा. बी हिरवट, चिवट आणि तुरट लागली तर लाल वाणाला अजून वेळ आहे. बी तपकिरी होऊन भाजलेल्या फुटाण्यासारखी कट्‌कन फुटली, गर बीपासून सहज सुटला, की घड तयार. बी हिरवी असताना आकडे जुळले म्हणून तोडलेल्या मालाची तक्रार मी ऐकली आहे.

दुकानदाराबद्दल स्पष्ट बोलतो. याच दिवसांत "साखर वाढवणारं" टॉनिक आणि ठिबकमधून सोडायला ०-०-५० हे पालाशचं (पोटॅशचं) खत हातात ठेवलं जातं. खाण्याच्या द्राक्षावाल्याकडे बघून आपणही घेतो. पालाश रसात उतरलं की टार्टारिक आम्लाला धरून बसतं आणि सामू वर जातो. म्हणजे पैसे देऊन आपण सामू बिघडवतो. पानाच्या देठाच्या परीक्षणात कमतरता दिसली नसेल तर मणी रंगल्यानंतर पालाशचा एक दाणाही देऊ नका. जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक आम्ल) तर वाइनच्या बागेत आणूच नका, आपल्याला मणी फुगवायचा नाही. बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, रंग आणि चव सालीतच असते. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशात सामूचा पेन येतो. तो आधी घ्या.

भुरी, म्हणजे पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, आली तर घाबरून गंधक मारू नका. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम ही शिफारस ठीकच आहे, पण तोडणीच्या पाच आठवडे आधीपर्यंत. मण्यावर गंधक राहिलं तर टाकीत रस आंबताना सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि तो माल कुणाचा होता ते वाइनरी शोधून काढते. आता भुरी दिसलीच तर पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीसाठी तिला खाणारे क्रिप्टोलीमस भुंगे हेक्टरी ५००० सोडा आणि मग त्या बागेत कीटकनाशक नको.

बाकी नेहमीची कामं:
- पाणी कमी करा, एकदम बंद करू नका
- पाने फक्त पूर्वेकडची काढा, पश्चिमेची राहू द्या, नाहीतर मणी भाजतो
- सडके, फुटके घड काढून बागेबाहेर पुरा
- पक्ष्यांसाठी जाळी
- क्रेट धुऊन सुकवून ठेवा
- तोडणीनंतर हलकं खत-पाणी आणि महिनाभर विश्रांती, मग खरड छाटणी
- छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक): १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी

अवकाळीचं वेगळं सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेलं नाही. हवामान खात्यानं पावसाचा इशारा दिला आणि तुमचा लाल माल २१ ब्रिक्सला आहे, तर देवावर सोडू नका. त्याच संध्याकाळी वाइनरीला फोन करून शेवटचे तीन नमुने वाचून दाखवा. कमी साखरेचा लाल माल गुलाबी वाइनला, म्हणजे रोझेला, चालतो. हातात तीन नमुन्यांची वही असली की समोरचा ऐकतो. "माल चांगला आहे हो" एवढ्यावर कुणी गाडी बोलावत नाही.

वहीचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकला वाइनचा धंदा उभा राहू लागला, २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि लोकांनी धडाधड वाइनच्या जाती लावल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. टाक्या भरलेल्या, उठाव नाही, आणि कित्येकांनी उभ्या वेली उपटल्या किंवा त्यावर खाण्याच्या जातीची कलमं केली. मागणी पडली की वाइनरी सगळ्यात आधी प्रतीचं कारण काढते. करारात ब्रिक्स आणि सामूची हद्द, नमुना दोघांनी मिळून घ्यायचा, वजन कुठल्या काट्यावर, पैसे किती दिवसांत, हे चार मुद्दे लिहिलेले नसतील तर यंदाच लिहून घ्या.

तोडणी रात्री तीनला सुरू करा, डोक्याला बॅटरी बांधून. नऊला कात्र्या खाली. क्रेटात सोळा-सतरा किलोच भरा; वीस भरले की तळाचे मणी फुटतात, रस सुटतो आणि सटाण्याच्या पुढे जाईपर्यंत आंबायला लागतो. भरलेला क्रेट सावलीत ठेवा, वरून ओलं गोणपाट टाका, मालाला पाणी लागू देऊ नका. दुपारी भरलेली गाडी घाटात तापून पोहोचते, पांढरा माल तर तपकिरी पडतो. गाडी हलली की वाइनरीला तीन गोष्टी कळवा: किती क्रेट, किती वाजता पोहोचतील, आणि काल सकाळच्या शंभर मण्यांचा ब्रिक्स, सामू आणि वजन.