फ्लॅश पुसण्याआधी: एम्बेडेड लिनक्स बोर्डवर या चुका टाळा

‘बोर्ड मेला’ म्हणून फोंडा-मडगावकडची मुलं जे बोर्ड आणून दाखवतात, त्यातल्या बहुतेकांची फ्लॅश चिप ठणठणीत असते. पुसायचं होतं एक पार्टिशन, पुसलं गेलं दुसरंच.

म्हणून आधी ‘/प्रॉक/एमटीडी’ ही फाइल वाचा; फ्लॅशचे भाग, म्हणजे पार्टिशन, तिथं नंबर आणि नावासह दिसतात. नंबरावर जाऊ नका, नावावर जा. कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय कुठं आहे याचं वर्णन) बदलली की कालचं एमटीडी३ आज एमटीडी४ होऊ शकतं. इरेजसाइझ, म्हणजे एका वेळी पुसल्या जाणाऱ्या ब्लॉकचा आकार, तोही तिथंच दिसतो: ‘०००२००००’ हा हेक्स आकडा म्हणजे १२८ केबी. फ्लॅश पुसली जाते ती ब्लॉकच्या हिशेबात, आणि पुसल्यावर सगळे बिट १ होतात. लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ होत नाही. न पुसता वर लिहिलं तर जुन्या-नव्याची खिचडी होते ती यामुळेच.

वाय-फायच्या बोर्डवर बऱ्याचदा ‘फॅक्टरी’ किंवा ‘एआरटी’ नावाचं चिमुकलं पार्टिशन असतं. त्यात त्याच बोर्डचा मॅक पत्ता आणि रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. हे इंटरनेटवरून उतरवून मिळत नाही! पुसण्याआधी त्याची प्रत काढा आणि ती संगणकावर न्या. ‘/टीएमपी’ बहुधा रॅममध्येच असतं, रीबूट झालं की प्रतही गेली.

नॉर आणि नँड हे फ्लॅशचे दोन प्रकार. नॉर फ्लॅशवर ‘फ्लॅशसीपी’ ही कमांड पुसते, लिहिते, पडताळते. नँडवर मात्र ‘डीडी’ ही साधी कॉपी कमांड वापरू नका, तिला खराब ब्लॉक कळत नाहीत. ‘फ्लॅश_इरेज’ आणि मग ‘नँडराइट -पी’ वापरा. नँडवरचे ब्लॉक सांभाळणारा युबीआय हा थर असेल तर ‘युबीआयफॉरमॅट’च हवा; कुठला ब्लॉक किती वेळा पुसला, याची नोंद तो जपतो. यू-बूट या बूटलोडरच्या (लिनक्सला सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ‘नँड स्क्रब’ला हात लावू नका. कारखान्यात केलेल्या खराब ब्लॉकच्या खुणाही ती कमांड पुसते, आणि त्या परत आणता येत नाहीत.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बोर्डचा अडॅप्टर भिंतीतच असतो. बूटलोडर लिहिताना बोर्ड यूपीएसवर हवाच.

तरीही बोर्ड उठला नाही तर सिरियल कन्सोल (बोर्डचे संदेश संगणकावर दाखवणारी जोडणी) जोडा, पण आधी बोर्डचा व्होल्टेज तपासा, बहुतेकांना ३.३ व्होल्ट लागतो. अक्षरं विचित्र दिसली तर बॉड रेट (सिरियलचा वेग) चुकलाय, ११५२०० करून पाहा. यू-बूटचा प्रॉम्प्ट आला तर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) लिहायची इमेज रॅममध्ये आणा, चेकसम (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळवा आणि मगच पुसा. काहीच उमटलं नाही, तर एसपीआय नॉर चिपला क्लिप लावून बाहेरच्या प्रोग्रामरने लिहिता येतं. त्यातल्या काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, तेव्हा डेटाशीट पाहूनच क्लिप लावा.