चार चरणांत पुस्तकाचा निकाल

पुस्तक वाचून झालं की चार ओळींचं गमतीशीर परीक्षण लिहायचं, हा उद्योग मी गेली अनेक वर्षं करते आहे. आमचा कोथरूडला दहाबारा जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, पोहे खायचे आणि प्रत्येकाने वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं. एक गृहस्थ एकाच पुस्तकावर पाऊण तास बोलले, त्या संध्याकाळी ठरलं की यापुढे परीक्षण पद्यात आणि चार ओळींत. नवीन माणूस आला की त्याला कुठून तरी सल्ला मिळालेला असतो, ‘यमक जुळवा, विनोद आपोआप होतो’. होत नाही.

पुस्तक पूर्ण वाचा. मलपृष्ठ वाचून लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

वाचताना खटकलेली किंवा आवडलेली एकच गोष्ट टिपून ठेवा. दोन टिपल्यात तर एक खोडा.

आता साचा. चारोळी बहुतेकांना सोपी वाटते, मलाही वाटली होती. वात्रटिका म्हटलं की पाडगावकर नाहीतर फुटाणे आठवतात आणि हात आखडतो. विडंबनाच्या नादी लागू नका. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी विडंबनं केली ती कवितांची, आणि तिथे मूळ कविता वाचणाऱ्याच्या डोक्यात असावीच लागते. तुम्ही गाजलेल्या कवितेच्या चालीवर कादंबरीचं परीक्षण लिहिलंत, तर लोकांना ती कविता आठवते, कादंबरी बाजूलाच राहते. हायकू शिरीष पैंनी मराठीत रुजवला, मला फार आवडतो, पण त्यात टोमणा बसत नाही.

माझं मत ठाम आहे : अभंगाचा मोठा साचा घ्या. सहा, सहा, सहा, चार. पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. हा ठेका शिकायला क्लास लागत नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत किंवा भवानी पेठेत तासभर उभे राहा, कानात बसेल. मोजताना ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. ‘कर्तृत्वाने’ म्हणजे क, र्तृ, त्वा, ने, अशी चार.

आता खरी अडचण, चौथा चरण. मी यात वर्षभर अडकले होते. निवृत्त अधिकाऱ्याचं एक आत्मचरित्र वाचलं होतं. आधी चारोळी लिहिली, त्यात छान, पान, मान आणि खाण. गटातले एक काका म्हणाले, ‘न आणि ण यांचं यमक होत नाही.’ बाकी काही बोलले नाहीत, हसलेही नाहीत. मग अभंगाकडे वळले. पहिले तीन चरण जमले, चौथ्यात लिहिलं ‘वाचू नये’. मग ‘कंटाळले’. अक्षरं बरोबर चार, पण ऐकणारे नुसते माना डोलवायचे. बिघडलंय कुठे ते कळेना.

कळलं ते असं. चारोळीत शेवटचा शब्द यमकाचा असतो, म्हणजे तो येण्याआधीच लोकांना ऐकू येतो. ‘छान’ म्हटलंत की ‘पान’ दारात उभंच. या साच्यात यमक तिसऱ्या चरणालाच संपतं. चौथा चरण मोकळा असतो, शिवाय दोन अक्षरांनी आखूड. कान आणखी दोन अक्षरांची वाट बघत असतो आणि ओळ संपलेली असते. हसू त्या रिकाम्या जागेत येतं. तिथे तुम्ही ‘वाचू नये’ असा निकाल देऊन बसलात तर ती जागा भरून टाकता, ऐकणाऱ्याला करायला काहीच उरत नाही.

म्हणून चौथ्या चरणात मत लिहायचं नाही, वस्तू ठेवायची, आणि ती त्या पुस्तकातलीच हवी. त्या आत्मचरित्रात बायकोचा उल्लेख एकदाच होता, तोही पानाच्या तळाशी, बारीक टाइपात. तो मी वाचतानाच टिपला होता आणि वर्षभर वहीत पडून होता.

जन्मापासूनच
कर्तृत्वाने थोर
पत्नी आणि पोर
तळटीप

यात पुस्तक वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. गटात मात्र एकीला पोह्यांचा ठसका लागला.

तेव्हापासून मी चौथा चरण आधी लिहिते. तुम्हीही उलटेच जा. टिपलेल्या गोष्टीतून चार अक्षरांचा शब्द काढा, वर्तमानपत्राच्या कडेला आठदहा लिहून बघा, मग त्याच्याकडे जाणारे तीन चरण रचा. आमच्या बाजीराव रस्त्यावर राहणाऱ्या मावशींनी एका रहस्यकथेबद्दल नुसतंच सांगितलं होतं, ‘अगं, तो फौजदार पेन्शनीत गेला तरी त्याला कळलं नसतं.’ पेन्शनीत! पे, न्श, नी, त. बाकीचं मी रिक्षात बसून केलं.

खून होण्याआधी
खुनी कळलेला
फौजदार गेला
पेन्शनीत

यमकाला फार वेळ देऊ नका. दोनच चरणांचं जुळवायचंय. जुळत नसेल तर शब्द बदला, वाक्य उलटंपालटं करून ‘असे ते वाचियेले’ असलं काही काढू नका. संतांच्या अभंगांत एखादं अक्षर कमीजास्त सापडतं, हे कारणही मला सांगू नका. ते अभंग गायचे असतात, चाल सावरून घेते. आपण खुर्चीत बसून वाचून दाखवणार.

तपशील मात्र तपासा. एका ऐतिहासिक कादंबरीवर मी लिहिलं होतं :

घोडा दौडे दौडे
लढाई दिसेना
धूळही बसेना
चारशेत

वाचून दाखवल्यावर एका काकूंनी पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, ‘याची पानं ३८६ आहेत.’ पुण्यात कविता वाचताना अशी माणसं समोर असतात. शिवाय लढाई होती, ३१२व्या पानावर. शेवटी ‘तीनशेत’ केलं. अक्षरं तेवढीच राहिली, आणि आता कुणी काही म्हणू शकत नाही.

आवडलेल्या पुस्तकावर लिहिणं जास्त अवघड. पुस्तकाची स्तुती करायला गेलात की पुन्हा छान आणि पान. तिथे स्वतःची फजिती लिहा. रात्री एकटीच घाट उतरणाऱ्या बाईची कादंबरी वाचताना माझं हे झालं :

शिट्ट्या झाल्या नऊ
जळे माझा भात
नायिका घाटात
एकटीच

हे ऐकून तिघांनी ती कादंबरी अप्पा बळवंत चौकातून विकत आणली. कुकर मलाच घासावा लागला.

वर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहा. एकदा मोठ्याने वाचा, बोटांवर मोजा. झालं.

फक्त ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नका, पेन्सिलीनेही नाही. मी एकदा लिहिलं आणि दंड भरला. आता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात ठेवते आणि परत करते. मागच्या पावसाळ्यात तेच पुस्तक पुन्हा घरी आणलं तर चिठ्ठी जागेवर होती. खाली निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं : ‘दुसऱ्या चरणात सात अक्षरे आहेत.’

मोजली. सातच होती.