जमेची नोंद आणि जुनं बिल: माझा अनुभव

मी हार्डवेअर दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. त्यात जमा नोंदवताना बिल निवडल्याशिवाय पुढं जाताच येत नसे. एका दुकानात गल्ल्याशेजारी बसलो तेव्हा चूक कळली. गवंडी आला, पाच हजार ठेवले, "खात्यात मांडा शेठ" म्हणाला नि गेला. कुठल्या बिलाचे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शेठनी वहीत लिहिलं. संगणकात ते चढलंच नाही. येणी फुगलेली दिसत होती ती यामुळं.

सक्ती काढली. आता रक्कम टाकली की सगळ्यात जुनं बिल आधी फिटतं: ४,७२० चं पूर्ण मिटलं, उरलेले २८० पुढच्या १,८५० च्या बिलात, बाकी १,५७०. दोघांपैकी कुणीच बिल ठरवलं नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ६१ हाच क्रम सांगतं. पण गिऱ्हाइकानं "हे सिमेंटचे" असं सांगून पैसे दिले आणि ते घेतले, तर कलम ५९ प्रमाणे ते त्याच बिलात जायला हवेत. म्हणून बिल बदलायची सोय ठेवलीच. जास्तीचे पैसे आगाऊ म्हणून खात्यावर राहतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पावती. कुठलं बिल फिटलं, बाकी किती, हे मोठ्या अक्षरांत छापतो. पुढच्या खेपेला गवंड्यानं ती नीट वाचली, घडी घालून खिशात ठेवली.