टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमधून पिशवीत हलवताना

ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अन्न जवळजवळ नसतं, त्यामुळे बियाण्यातला साठा संपला की रोपं पिवळी पडतात. दोन-तीन खरी पानं (बीजातून आधी निघणाऱ्या बीजपत्रांनंतरची) दिसताच ४ इंची पिशवीत हलवा. २ भाग पोयटा (गाळाची) माती, १ भाग चाळलेलं गांडूळखत, १ भाग कोकोपीट. पुण्याकडची काळी माती एकटी नकोच. ओली असताना चिकटते, सुकली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. शेणखत घालायचंच तर पूर्ण कुजलेलं. कच्चं खत तापतं, हुमणीही (मुळं खाणारी अळी) आणतं.

रोप पानाला धरून उचला, खोड दाबू नका. टोमॅटो बीजपत्रांपर्यंत गाडा, खोडाला नवी मुळं फुटतात. मिरची मात्र होती तेवढीच खोल. आठवड्याने व्हर्मीवॉश (गांडूळखतातून निथळलेलं पाणी) १० पट पाण्यात मिसळून मुळाशी द्या. उन्हाळ्यात गच्चीवर थेट ठेवू नका. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन.