बगळा पांढरा, पण कोणता?

भरतीची वेळ न बघता ऐरोली-शिवडीच्या खाडीला पक्षी बघायला जाऊ नका. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी ९ ला पाणी भरलेलं होतं, तर या रविवारी त्याच वेळेला जवळजवळ ओहोटी. मग रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवार (किनाऱ्यावरचे छोटे पाणपक्षी) लांब चिखलात नुसते ठिपके. पाणी चढताना, पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी, ते काठाकडे सरकतात. दुर्बीण ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीची घेतलीत तर हात हललेला जास्त दिसतो.

आता बगळे. सोपे वाटतात, आणि इथेच वह्याच्या वह्या चुकीच्या नोंदींनी भरतात. लहान बगळा म्हणजे काळी चोच, काळे पाय, पिवळे पंजे, हे पाठ असतं. पण खाडीत पंजे दिसतात कुठे? काळ्या गाळाने माखलेले. तो उथळ पाण्यात चार पावलं चालेपर्यंत थांबा. दुसरा घोटाळा ‘पिवळी चोच म्हणजे मोठा बगळा’ हा. विणीच्या दिवसांत मोठ्याची चोच काळी होते, मध्यम बगळ्याचीही. तेव्हा रंग सोडा, तोंडाची फट बघा. चोचीच्या मुळातून मागे जाणारी बारीक रेघ डोळ्याखालीच थांबली तर मध्यम, डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. ती फक्त बाजूने दिसते, म्हणून पक्षी मान वळवेपर्यंत दुर्बीण खाली करायची नाही. भरीला रीफ इग्रेट हा किनाऱ्यावरचा बगळा: बहुतेक करडा, पण पांढराही असतो. त्याची चोच लहान बगळ्यापेक्षा जाड आणि मळकट पिवळी-तपकिरी.

नाहीच ठरलं तर ‘पांढरा बगळा’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही, जुनेजाणतेही तसंच लिहितात. पक्षी ओळखणाऱ्या ॲपला फोटो दाखवायचा तर स्वतःचा अंदाज वहीत उतरवल्यावर. आधी दाखवलात तर डोळा कधीच तयार होत नाही. लांबूनच नाव ओरडणारे ‘गुरू’ही त्याच कामाचे. ‘कशावरून?’ याचं उत्तर देणारा सोबती धरा.

बागेतले पक्षी त्यामानाने दयाळू. तांबट दिसला नाही तरी त्याची टुक-टुक चुकत नाही. फक्त जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीनंतर मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी उरते. ती दिसली की नवी जात सापडली म्हणून लगेच कोणाला फोन लावू नका.